चिमणी म्हशीचा फोटो

गडमुडशिंगीत आकाराम वरुट्यांची चिमणी म्हैस पळताना बघितली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. बघितली नव्हती ती एकट्या आकारामनं.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी नटवून मिरवतात. शिंगांना रंग, त्यावर मोरपिसं, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर मालकाचं नाहीतर म्हशीचं नाव काढलेलं. मालक मोटारसायकलवर पुढं निघतो आणि म्हैस त्याच्या हाकेवर मागनं पळत येते. दावं नाही, काठी नाही. दोन्ही बाजूंनी लोक ओरडत असतात, हलग्या वाजत असतात, आणि एवढं मोठं धूड आपल्या माणसाच्या आवाजावर तेवढे कान ठेवून येतं. चिमणी यात अशी तरबेज, की आकारामनं गाडी थांबवली की ती मागच्या चाकाला नाक लावून उभी राहायची. लोक सांगायचे, पळताना मान अशी धरते, पाय असे टाकते, बघत राहावंसं वाटतं. आकाराम ऐकून घ्यायचा. त्याला समोरचा रस्ता आणि मध्ये येणारी पोरं सोडून काही दिसायचं नाही. एका वर्षी त्यानं मान वळवून बघितलं, तर गाडी गटारीत गेली. त्याची क्लिप सगळ्या करवीर तालुक्यात फिरली. पुढच्या वर्षी त्यानं गाडीला मोठा आरसा बसवून घेतला. आरशात एक शिंग दिसलं, बाकी सगळा धुरळा.

आकाराम पन्नाशी ओलांडलेला, अंगानं काटक आणि तोंडानं फटकळ. थोडा ऊस, चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. चिमणी घरच्याच म्हशीच्या पोटची. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून त्याच्या आईनं ते नाव ठेवलं. पुढं ती अशी वाढली की गोठ्याचं दार रुंद करून घ्यावं लागलं, पण नाव काही बदललं नाही. घरात बायको संयोगिता आणि मुलगा राजवर्धन. राजवर्धन एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला जातो.

फोटोचं खूळ डोक्यात शिरलं ते राजवर्धनच्या मोबाईलमुळं. पोरांनी काढलेले पाडव्याचे व्हिडिओ त्यानं एकदा बापाला दाखवले. पहिल्यात सगळी डोकी. दुसऱ्यात कुणाचा तरी हात आणि हातात दुसरा मोबाईल. तिसऱ्यात समोरनं काहीतरी काळं झर्रकन गेलं आणि मागं टाळ्या ऐकू आल्या. आकारामनं तो तिसरा परत लावायला सांगितला, परत बघितला आणि म्हणाला, "ही म्हस हाय व्हय? कोळशाचं पोतं गेल्यागत दिसतंय."

तेव्हा त्यानं ठरवलं की चांगला फोटोग्राफर बघायचा, पळत्या चिमणीचा एक फोटो काढून घ्यायचा आणि सोप्यात भिंतीला लावायचा. एकच फोटो पाहिजे होता. हे काम इतकं अवघड असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा तो कोल्हापुरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडं गेला. त्यांना सगळे आण्णा म्हणत. आकारामच्या लग्नाचे फोटो आण्णांनीच काढलेले, त्यामुळं दुसरीकडं जायचा विचारच मनात आला नाही. फोटो म्हशीचा आहे म्हटल्यावर आण्णा हसले, पण आले. आले ते ऐन दुपारी, ऊन डोक्यावर असताना. पळत्या म्हशीचा फोटो असा हलत येतो, उभ्याचाच काढू, असं त्यांचं म्हणणं पडलं. आकारामला फेटा बांधायला लावला, चिमणीशेजारी उभा केला, हात तिच्या पाठीवर ठेवायला सांगितला आणि इकडं बघा, हसा, असं चार-पाच वेळा म्हणाले. आकारामला हसायला जमत नव्हतं. मग आत गोठ्यात एक घेऊ म्हणून गेले आणि अंधारात तिच्या तोंडासमोर फ्लॅश मारला. चिमणीनं दावं तोडलं, दुधाची किटली लाथेनं उडवली आणि आण्णा वैरणीत जाऊन बसले.

फोटो आले. उन्हातल्या फोटोत म्हशीची पाठ पत्र्यासारखी चमकत होती आणि खालचं अंग एकजात काळं, पोट कुठं संपतं आणि पाय कुठं सुरू होतात ते कळत नव्हतं. गोठ्यातल्या फोटोत काळोख होता आणि त्यात हिरवे दोन डोळे. आकारामनं तोंड वाकडं केलं तेव्हा आण्णा म्हणाले, काळजी नको, कॉम्प्युटरवर करून देतो. आठवड्यानं त्यांनी मोठी फ्रेमच करून पाठवली. चिमणीचा रंग विटकरी केला होता आणि मागं धबधबा लावला होता. आकारामनं फ्रेम उलटी करून संयोगिताच्या हातात दिली आणि विचारलं, "ही कुणाची म्हस हाय?" संयोगितानं ती पिठाच्या डब्यामागं ठेवून दिली.

दुसरा विजयसिंह. तरुण, दाढी कोरलेली, भाषा गोड. आकारामच्या पुतण्याचं लग्नाआधीचं शूटिंग त्यानं गगनबावड्याला जाऊन केलं होतं आणि घाटाचे ड्रोनमधनं घेतलेले फोटो सगळ्या पाहुण्यांत गाजले होते. आकारामनं ते फोटो बघितले आणि हाच माणूस पाहिजे म्हणाला. त्यात म्हैस कुठंच नव्हती, पळणारं कुणी नव्हतं, दोघं नुसती धुक्यात उभी होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. विजयसिंहही पाडव्याआधी एकदा जागा बघून जायला आला नाही. त्याला जागा मोबाईलवरच्या नकाशात दिसली होती म्हणे.

पाडव्याला चिमणी नटून तयार झाली. आकारामनं गाडी चालू केली, हाक दिली, चिमणी निघाली आणि चौकात वरनं ते यंत्र घोंघावत खाली आलं. चिमणी जागच्या जागी थांबली. मान वर करून तिनं बघितलं, उलटी वळली आणि समोरच्या घराच्या दारातली रांगोळी, पणत्या, लोखंडी बाकडं असं सगळं तुडवत परसात घुसली. आकाराम मात्र तसाच पुढं गेला. त्याला मागचं काही दिसत नव्हतंच. देवळापाशी जाऊन थांबला, मागं वळला, तर म्हैस नाही आणि सगळं गाव हसतंय.

विजयसिंहचे फोटो मात्र अगदी स्वच्छ आले होते. वरनं घेतलेले. रस्ता, रस्त्याच्या दोन्ही कडांनी डोकी आणि मध्ये काळा एक ठिपका.

त्यानंतर बरेच दिवस घरात फोटो हा शब्द कुणी काढला नाही. संयोगिता एकदा म्हणाली की आता पुरे, म्हैस रोज डोळ्यांसमोर आहे, भिंतीवर कशाला पाहिजे. आकाराम ताटावरनं उठला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की इतकी वर्षं मी हिला सांभाळली, पळायला शिकवली, आणि ती पळते कशी हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मला नाही. हे त्यानं संयोगिताला सांगितलं नाही. डेअरीत दूध घालताना शेजारच्या माणसाला सांगितलं आणि तिथनं ते तिच्या कानावर आलं.

पुढं चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधीच्या दिवसांत चौकात एक फ्लेक्स लागला. त्यावर मागच्या वर्षीच्या मिरवणुकीचा फोटो होता. संध्याकाळ उलटून गेलेली, मागं रोषणाई, आणि तरी लेझीम खेळणाऱ्या बायकांतल्या प्रत्येकीचा चेहरा ओळखू येत होता. काळ्या-सावळ्या बायका काळ्या-सावळ्याच दिसत होत्या, कुणी पांढरी पडली नव्हती, आणि उडालेला पदर हवेत असताना धरला होता. आकाराम सायकलवर किटल्या अडकवून तिथं उभा राहिला. पळणारं, काळं आणि गर्दीतलं, असं तिन्ही एका फोटोत त्यानं पहिल्यांदाच बघितलं. फ्लेक्स लावणाऱ्या पोरांना विचारलं तेव्हा कळलं की फोटो गावातल्याच अक्षता कांबळेनं काढलाय.

अक्षताचं घर त्याच्या घरापासनं हाकेच्या अंतरावर. तिची आई शेवंताबाई अंगणवाडीत मदतनीस. अक्षता लग्नाचे फोटो काढते हे आकारामला ऐकून माहीत होतं, पण बायकांच्या हळदीपुरतं तिला बोलावतात असाच त्याचा समज. तो समज बराचसा खरा होता आणि अक्षता त्यालाच वैतागलेली होती. हळदीला हिला बोलवायचं आणि लग्न लागताना दुसऱ्या कुणाला. त्यात हॉलमध्ये निळ्या-जांभळ्या लायटी लावायच्या आणि नवरीचं तोंड वांग्यासारखं आलं की हिला बोलायचं. निदान स्टेजवर साधा पांढरा उजेड ठेवा असं ती प्रत्येक लग्नघरी सांगे, पण डेकोरेशनवाल्यापुढं तिचं कोण ऐकणार. गगनबावड्याच्या धुक्यात पांढरे कपडे घालू नका, माणसं विरघळून जातात, लाल-पिवळं काहीतरी घाला असं सांगितलं तरी जोडपी पांढऱ्यातच यायची.

आकाराम गेला तेव्हा ती कॅमेऱ्याची पिशवी साफ करत होती. त्यानं सगळी कहाणी सांगितली, आण्णांपासनं ड्रोनपर्यंत. ती हसली नाही. तिनं विचारलं की मामा, त्या फोटोत तुम्हाला नेमकं काय बघायचंय ते एका वाक्यात सांगा. चांगला पाहिजे, मोठा पाहिजे, हे सांगू नका.

आकाराम म्हणाला, "मी हाक मारल्यावर मागनं ती कशी येत्या, ते बगायचंय."

"मग तुम्ही पण फोटोत पाहिजे," अक्षता म्हणाली. "पाठमोरे असला तरी चालेल. पण आधी मला म्हस बघू दे. तिला पण मला बघू दे."

ती आली, एकदा नाही, चार-पाच वेळा आली. पहिल्या खेपेला कॅमेरा पिशवीतनं काढलाच नाही. गोठ्याच्या दारात बसून राहिली. पुढच्या खेपेला कॅमेरा मांडीवर ठेवला. आकारामला हे वेळकाढूपणाचं वाटायचं. त्यात ती सूचना द्यायची आणि त्याला सूचना ऐकायची सवय नव्हती. म्हशीला तेल लावू नका, अंगाचा आरसा होतो. दुपारी काढायचा नाही, सकाळचं ऊन बाजूनं पडलं तर काळ्या अंगावरची वळणं दिसतात. काळ्यामागं काळं नको, मागं वाळलेला पाला किंवा मोकळं रान असू दे. यातलं एकेक पटत होतं, पण शेवटचं पटलं नाही. अक्षताचं म्हणणं होतं की फोटो साध्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर काढू, पाडव्याच्या गर्दीत खात्री देता येत नाही. आकारामला गर्दी पाहिजे होती, मोरपिसं पाहिजे होती, हलगी पाहिजे होती. नाहीतर ती पळते ती कुणासाठी, असं त्याचं म्हणणं. दोघांची चांगलीच वादावादी झाली. शेवटी अक्षता म्हणाली ठीक आहे, पाडव्याला येते, पण नाही जमलं तर मला बोलायचं नाही.

पाडव्याला ती देवळाजवळच्या वळणावर रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली होती. वळणावर गाडी हळू होते, म्हैसही हळू होते, तिथं सापडेल, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता. चिमणी वळणावर आली आणि त्याच क्षणी बाजूची सगळी माणसं मोबाईल पुढं करून रस्त्यात उतरली. अक्षताच्या कॅमेऱ्यात एका माणसाचं कोपर आलं, घड्याळासकट. पुढच्या फोटोत त्याच माणसाची पाठ. तिसऱ्यात म्हशीची शेपटी.

तिनं ते सगळे फोटो आकारामला दाखवले, एकही लपवला नाही. आणि वर म्हणाली की जागा माझीच चुकली, मला वाटलं वळण, पण वळणावरच लोक जास्त थांबतात. आकारामनं तिला बोलायचं नाही असं कबूल केलं होतं म्हणून तो तिला बोलला नाही. घरी येऊन राजवर्धनला बोलला, संयोगिताला बोलला, मोटारसायकलला लाथ घातली. घड्याळवाला माणूस कोण ते शोधून काढायचं त्यानं ठरवलं आणि शोधलंही. तो त्याचाच चुलतभाऊ निघाला. त्याच्याशी आकारामनं संक्रांतीपर्यंत अबोला धरला.

अबोला सुटला त्याच सुमारास आकारामची हट्टाची हौसही फिटली. एक दिवस तो स्वतःहून अक्षताकडं गेला आणि म्हणाला की तुझं खरं कर. साध्या दिवशी, मोकळ्या रस्त्यावर.

थंडीची सकाळ होती. ऊसतोड होऊन रानं मोकळी झाली होती आणि पाणंदीच्या रस्त्याच्या एका बाजूला वाळलेला पाला पसरला होता. चिमणीच्या अंगावर तेल नाही, मोरपीस नाही, गळ्यात नुसती घुंगरमाळ. अक्षता मातीत पालथी पडली होती. आकारामनं लांबनं गाडी काढली, सवयीनं हाक दिली आणि नेहमीसारखा पुढं बघत आला. तिच्या शेजारनं निघून गेला, थांबला. चिमणी येऊन मागच्या चाकाला नाक लावून उभी राहिली. परत एकदा करू, असं तो म्हणाला, पण अक्षतानं हात वर केला. तिचं काम झालं होतं.

फोटो बघायला तो तिच्या घरी गेला तेव्हा शेवंताबाईंनी चहा केला. अक्षतानं लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला.

पुढं तो होता, शर्ट वाऱ्यानं फुगलेला, तोंड हाक मारायला उघडलेलं. मागं चिमणी. ऊन बाजूनं पडलेलं, खांद्याचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसत होता. नाकातनं वाफ निघाली होती. कान पुढं, त्याच्याकडं लावलेले. डोळे रस्त्यावर नव्हते, त्याच्या पाठीवर होते. काळी होती, आणि काळी असून सगळी दिसत होती. चहा गार झाला. शेवंताबाईंनी दुसरा आणून ठेवला.

मग त्यानं विचारलं की हे मोठं करता येतं का. अक्षतानं करून दाखवलं, आधी डोळा, मग तोंड, मग पुढचे पाय. मागच्या पायांवर आल्यावर त्यानं हात केला, थांब. उजवा मागचा पाय जमिनीला टेकत होता तो खुराच्या बाहेरच्या कडेनं. आतली बाजू वर धरलेली. त्यानं त्याच्या पुढचा फोटो दाखवायला सांगितला, मग मागचा. अक्षतानं एकामागं एक घेतलेले सगळे फोटो लावले. प्रत्येकात तो पाय पुरता टेकायच्या आधीच उचललेला होता.

"हे असंच पळत असेल असं वाटलं मला," अक्षता म्हणाली.

"न्हाय," आकाराम म्हणाला. "ती लंगडत्या."

मग त्याचा तोल गेला. फोटो चुकीचा काढलाय, कॅमेरा वाकडा धरला असणार, सगळं गाव बघतंय इतकी वर्षं, कुणाला कसं दिसलं नाही, असं काय काय बोलला. अक्षता ऐकून घेत होती. शेवंताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो गप्प झाला, उठला आणि फोटो न घेताच गेला.

घरी येऊन थेट गोठ्यात. पाय उचलून बघायला गेला तर चिमणीनं उचलू दिला नाही. मग एकेक गोष्ट त्याला आठवायला लागली. पावसाळ्यापासनं ती उठायला वेळ लावत होती. दूध कमी झालं होतं, त्याचा दोष त्यानं वैरणीवर टाकला होता. संयोगितानं दिवाळीच्या आधी एकदा म्हटलं होतं की ही उजव्या अंगावर बसत नाही, आणि त्यानं तुला काय कळतंय म्हणून तिला झटकलं होतं. हे आठवल्यावर त्याला सगळ्यात जास्त राग आला आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

जनावरांचे डॉक्टर आले. चिमणीला पाडून, पाय बांधून त्यांनी खूर कोरला. आत खडा रुतून बसला होता आणि त्याभोवती पू धरला होता. बरेच महिने असणार, असं डॉक्टर म्हणाले. आकारामनं विचारलं की मग ती पळाली कशी, थांबली का नाही. डॉक्टर हात धूत होते. जनावर रंगात आलं की दुखणं विसरतं, असं म्हणाले, आणि मग सहज म्हणावं तसं म्हणाले, "तुम्ही बोलावल्यावर ती येणारच की."

त्या दिवशी आकाराम जेवला नाही. संयोगितानं वाढून ठेवलेलं ताट झाकून ठेवलं. तुला काय कळतंय म्हणालतो, ते चुकलं, असं त्यानं तिला तोंडानं म्हटलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासनं दूध काढायच्या आधी तिला विचारायला लागला, चिमणी रात्री कुठल्या अंगावर बसली होती. ती सांगायची. एवढ्यावर दोघांचं मिटलं.

पाय बरा व्हायला उन्हाळा लागला. चिमणी नीट चालायला लागली, पण डॉक्टरांनी पळवायची नाही असं बजावलं होतं. मधल्या काळात अक्षतानं फोटो मोठा करून, साधी काळी चौकट लावून घरी पाठवला. राजवर्धनला तो इतका आवडला की त्यानं मोबाईलवर सगळीकडं टाकला. हजारो लोकांनी बघितला. कुठल्या कुठल्या गावातनं कौतुक आलं, काय ऐट आहे, काय ताकद आहे, मालकावर जीव बघा किती. राजवर्धन बापाला वाचून दाखवायचा. आकाराम उठून जायचा. त्यानं बऱ्याच जणांना तो पाय बोट लावून दाखवला. ते म्हणाले, कुठं काय, झकास तर आहे. डेअरीतले लोक तर म्हणाले की उगाच खोड काढतोयस. एवढा वैताग त्याला विटकरी म्हशीच्या वेळीही आला नव्हता. तेव्हा निदान फोटो वाईट होता हे सगळ्यांना मान्य होतं.

शेवटी तो अक्षताला म्हणाला की तू कॉम्प्युटरवर तेवढा पाय सरळ करून दे. मग लावतो भिंतीला.

ती म्हणाली की करता येतं, अवघड नाही. डाव्या पायासारखा करून बसवला की झालं, कुणाला कळणार नाही. "तुम्ही सांगाल तर आत्ता करते, मामा. माझं नाव मात्र खाली घालू नका."

आकाराम राहू दे म्हणाला आणि घरी आला. फोटो भिंतीला लागला नाही. संयोगितानं तो कपाटावर उभा करून ठेवला, आणि आकारामनं काढून ठेवला नाही.

यंदाच्या पाडव्याला त्यानं मोटारसायकल बाहेर काढली नाही. चिमणीला नटवली, दावं धरलं आणि तिच्या खांद्याला खांदा लावून चौकातनं चालत नेली. लोक ओरडत होते, सोड की, पळव की. त्या फोटोनं तिचं नाव झालेलं, लांबनं माणसं बघायला आलेली. त्यातल्या कबनूरच्या एका माणसानं त्याला देवळापाशी गाठलं. नाव भाऊसो, घरचे यंत्रमाग, आणि हौसेनं नवी म्हैस घेतलेली. त्याला फोटोग्राफरचा नंबर पाहिजे होता.

"पावणं, तुमी तिला आधी म्हस दाखवा," आकाराम म्हणाला. "ती म्हणंल त्या वेळेला काढा. तेल लावू नका, अन् गर्दीत काढायचा नाद करू नका."

भाऊसोनं सगळं मान्य केलं. मग विचारलं, "तुमची का पळवली न्हाय ओ आज? एवढ्या लांबनं आलतो आमी."

आकारामनं त्याच्याकडं बघितलं. खुराचं, खड्याचं, डॉक्टरांचं सांगायला लागला असता तर सांगता आलं असतं. पण आतापर्यंत त्यानं ते इतक्या लोकांना सांगितलं होतं आणि इतक्या लोकांनी नुसती मान हलवली होती, की त्याला तोंड उघडायचाच कंटाळा आला. त्यानं राजवर्धनला हाक मारून नंबर द्यायला सांगितला. मागनं हलग्या जवळ येत होत्या. त्यानं दावं आखडतं धरलं आणि चिमणीला कडेच्या सावलीत नेऊन उभी केली.